पटकीचं विष जिवाणूच्या बाहेर पडतं कसं?

जिवाणू आपली प्रथिनं पेशीबाहेर कशी धाडतात, याबद्दल वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न आज घेतले आहेत. कॉलऱ्याच्या, म्हणजे पटकीच्या, प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे; तो समजला की पुढची उत्तरं सोपी होतात.

प्रश्न : ई. कोलाय या जिवाणूला आतलं आणि बाहेरचं अशी दोन पटलं (पातळ आवरणं) असतात आणि बाहेरच्या पटलाला पोरिन नावाच्या प्रथिनाची भोकं असतात, असं आम्हाला शिकवलं. मग प्रथिनं त्यांतूनच का जात नाहीत?

पोरिनचं भोक फार बारीक असतं. ई. कोलायमध्ये साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू त्यातून ये-जा करतात : साखर, क्षार, सुटी अमिनो आम्लं. कॉलऱ्याचं विष सुमारे ८५,००० डाल्टनचं आहे. भोकं मोठी ठेवली, तर पित्तक्षार आणि प्रतिजैविकं सरळ आत शिरतील. म्हणून प्रथिनांसाठी वेगळं दार लागतं, आणि तेही एरवी घट्ट बंद राहणारं.

परीक्षेसाठी या दारांचे 'प्रकार १, २, ३…' पाठ करत असाल, तर आधी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. प्रथिन एका दमात बाहेर जातं की दोन टप्प्यांत? घडी घालून जातं की उलगडून? आणि जोर कुठून येतो? आकडे मग आपोआप लक्षात राहतात.

प्रश्न : बाहेरच्या पटलापाशी ऊर्जाच नसते, असं वाचलं. मग कॉलऱ्याच्या विषाला ढकलतं कोण?

या विषयातला हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. दोन पटलांमधल्या जागेला पेरिप्लाझम म्हणतात. तिथे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, नसतं. आतल्या पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचा फरक साठतो आणि त्यावर कामं चालतात; बाहेरच्या पटलाला पोरिनची भोकं असल्याने तिथे असा साठा टिकत नाही. तेव्हा बाहेरचं दार चालवायचा जोर आतूनच पोचवावा लागतो.

कॉलऱ्याचा जिवाणू हे दोन टप्प्यांत करतो. त्याच्या विषाचे सहा भाग असतात, एक 'ए' आणि पाच 'बी'. ते सुटे सुटे, दोऱ्यासारखे उलगडलेले, आतल्या पटलातल्या 'सेक' नावाच्या वाटेने पेरिप्लाझममध्ये येतात. प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीसारखी अमिनो आम्लांची छोटी साखळी असते. ती इथे कापली जाते. मग घडी पडते, गंधकाचे बंध जुळतात, पाच 'बी'ंचं कडं तयार होऊन त्यावर 'ए' बसतो. लाडू पुरता वळून होतो तो इथे, आणि तसाच अख्खा बाहेरच्या पटलातून जातो. त्याचं दार म्हणजे एकाच प्रथिनाच्या पंधरा प्रतींनी बनलेलं पिंप, आतून झडप असलेलं. ढकलणारं यंत्र आतल्या पटलात रोवलेलं असतं : पेशीद्रवाच्या बाजूचं एक प्रथिन एटीपी खर्च करतं, त्यावर एक आखूड तंतू पेरिप्लाझममध्ये वाढत जातो आणि दट्ट्यासारखा विषाला रेटतो. दट्ट्याची ही कल्पना अजून गृहीतकाच्या पातळीवर आहे, पण हाती आलेला पुरावा तिच्याच बाजूने बोलतो.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात हा जिवाणू वेगळा केला. त्याचं विष दाखवून दिलं ते १९५९ मध्ये, कोलकात्यातच, शंभुनाथ डे यांनी. ज्या द्रवात जिवाणू वाढवले तो त्यांनी गाळून घेतला आणि जिवाणूविरहित द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचला. आतडं पाण्याने टम्म फुगलं. जिवाणू मागे राहिला होता, विष पुढे आलं होतं. म्हणजे ते पेशीबाहेर पडलेलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांना कॉख ठाऊक असतो आणि डे नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : प्लेगचा जिवाणू आपल्या पेशींना 'सुई' टोचतो म्हणतात. खरंच सुई असते का?

असते, प्रथिनाची. मुंबईत १८९६ मध्ये मांडवीत शिरलेल्या प्लेगमागे जो जिवाणू होता, त्या येर्सिनिया पेस्टिसकडे दोन्ही पटलं ओलांडून बाहेर निघालेली पोकळ सुई आहे. तिचा पाया कशाभिकेच्या, म्हणजे जिवाणू ज्या शेपटीने पोहतो तिच्या, पायाचा भाऊबंद. अशी सुई अख्खी वेगळी काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली ती १९९८ मध्ये, साल्मोनेलातली. आतली पोकळी जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटरची. इथे लाडू चालत नाही. सोऱ्यातून शेव पडावी तसं प्रथिन उलगडूनच जातं, आणि पेरिप्लाझममध्ये थांबतही नाही. या वाटेने 'योप' प्रथिनं आपल्या पांढऱ्या पेशींत शिरली, की त्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही.

प्रश्न : धुण्याच्या पावडरीतलं डाग काढणारं एन्झाइम बॅसिलस जिवाणूंपासूनच का घेतात?

बॅसिलसला बाहेरचं पटल नाही. एक पटल ओलांडलं की एन्झाइम थेट भोवतालच्या द्रवात उतरतं, आणि कारखान्याला पेशी फोडत बसावं लागत नाही.

प्रश्न : मला लहानपणी बीसीजी (क्षयाची लस) टोचली आहे. क्षयाच्या संसर्गासाठी डॉक्टर म्हणाले, मॉन्टू या त्वचेवरच्या चाचणीपेक्षा इग्रा ही रक्ताची चाचणी करा. याचा तुमच्या विषयाशी काही संबंध आहे का?

थेट आहे. क्षयाच्या जिवाणूलाही मायकोलिक आम्लांचं, मेणासारखं बाहेरचं पटल असतं. त्याच्या खास वाटांना 'सातवा प्रकार' म्हणतात. त्यातल्या एका वाटेने ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं बाहेर पडतात. बीसीजी तयार करताना काल्मेट आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गाईच्या क्षयाचा जिवाणू २३० वेळा नव्या खाद्यावर वाढवला, तेव्हा त्याच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला. ही दोन्ही प्रथिनं आणि त्यांच्या वाटेचे काही भाग त्याच तुकड्यात होते. बीसीजी सौम्य झाली, त्यामागचं हे एक मोठं कारण.

मॉन्टूत टोचतात ते अनेक प्रथिनांचं मिश्रण. त्यातली बरीच बीसीजीतही असल्याने लस घेतलेल्याचा हात सुजू शकतो. इग्रात रक्तातल्या पेशींसमोर फक्त ती दोन प्रथिनं ठेवतात, आणि बीसीजीमुळे त्यांची ओळख झालेलीच नसते. तरी संसर्ग झोपलेला आहे की रोग जागा झाला आहे, एवढं इग्रावरून कळत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली, तर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास थुंकीची तपासणी करून घ्या.