चौदा ओळींचं टेबल

अगं,

तू पाठवलेले तीन क्लासच्या कोर्सचे तिन्ही ब्रोशर बघितले. खाली तू लिहिलंयस, "मॅडम, बाबा एफडी मोडायला तयार आहेत, फक्त कुठला कोर्स चांगला ते सांगा". ते वाचून राहवेना म्हणून लिहितेय, नाहीतर व्हॉट्सॲपवर मी दोन ओळींच्या वर जात नाही हे तुला माहितीये. मेहनत कर, कॉन्फिडन्स ठेव वगैरे सांगत नाही. सांगलीहून येऊन कॉट बेसिसवर राहून बीसीएस काढलंस, त्यात ते आलं.

तिन्ही सिलॅबसमधलं डेटाबेसचं पान काढ. तिन्हीकडे तेच, इम्प्लॉयी आणि डिपार्टमेंट. ओरॅकल या डेटाबेस कंपनीच्या जुन्या सॅम्पलमधली ती 14 माणसं, स्मिथ, किंग, ब्लेक, आणि 4 डिपार्टमेंट. सॉफ्टवेअर ओपन सोर्स झालं, फुकट झालं, पण पोरं अजून त्याच 14 ओळींवर जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, शिकतायत, आणि ती माणसं लग्नाच्या अल्बमसारखी नटूनथटून बसलेली, कुणाचं नाव दोनदा नाही, कुणाचं स्पेलिंग चुकलेलं नाही.

त्याने होतं काय, तर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर टेबल वाचतं 8 केबीच्या पानांनी, 14 ओळी एकाच पानात मावतात, मग तू इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा) लाव नाहीतर नको लावू, क्वेरी कशी चालणार ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेनमध्ये सिक्वेन्शिअल स्कॅनच, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणंच, दिसणार, कारण इंडेक्स उघडून परत टेबलाकडे येण्यापेक्षा ते एक पान वाचणं स्वस्त पडतं. मग पोरं म्हणतात मॅडम इंडेक्स चालत नाही. चालतो गं, तुझं टेबल चिमूटभर आहे! जनरेट_सिरीज हे फंक्शन वापरून 10 लाख ओळी टाक, टेबलाची आकडेवारी गोळा करायला ॲनलाइझ मार, मग एकच आयडी शोध, आधी इंडेक्स नसताना, मग असताना, आणि एक्स्प्लेन ॲनलाइझचे आकडे शेजारी ठेव. एका संध्याकाळचं काम आहे, त्याला फी नाही.

पण तोही बनवलेला डेटा. मला म्हणायचंय ते खऱ्या, घाण डेटाबद्दल. 2011 च्या जनगणनेची महाराष्ट्राची जिल्हावार फाइल घे, आणि आत्ताची कुठलीही जिल्हावार फाइल घे, शाळांची, दवाखान्यांची, काहीही. दोन टेबलं कर आणि जिल्ह्याच्या नावावर साधा इनर जॉइन मार, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच येतील. 36 जिल्हे यायला हवेत ना? येतात 32, तेही बाकीची स्पेलिंगं जुळली तर. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं 2023 मध्ये बदलली, अहमदनगरचं 2024 मध्ये, आणि पालघर हा जिल्हाच 2014 चा. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, चार जिल्हे गुपचूप गायब. आणि खरी गंमत पुढे आहे. ठाणे बरोब्बर जुळतं, पण लोकसंख्या चुकीची, कारण 2011 च्या ठाण्यात पालघर धरलेलं आहे. हे तुला न जुळलेल्या ओळीही दाखवणारा लेफ्ट जॉइनही सांगणार नाही. हे त्यालाच दिसतं ज्याने आउटपुट वाचायची सवय लावून घेतलीये, आणि ती सवय 14 ओळींवर लागत नाही, लागूच शकत नाही.

मराठी नावं आली की अजून मजा. कऱ्हाडमधला तो अर्धा र एका ॲपने एक कॅरेक्टर म्हणून साठवलेला असतो, दुसऱ्याने र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा तोडून, तिसऱ्याने र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखे, ग्रुप बाय करून नावाचे गट पाडले की कऱ्हाड तीनदा. पोस्टग्रेसमध्ये व्हर्जन 13 पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, त्याने पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच उरतो, तो तुलाच रिप्लेस करावा लागतो. कुठल्या ब्रोशरमध्ये आहे हे? सांग ना.

मायएसक्यूएल की पोस्टग्रेस, दोनपैकी कुठला डेटाबेस शिकू, हे तू तीनदा विचारलंस. कुठलंही घे. मला पोस्टग्रेस आवडतं कारण ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. मायएसक्यूएल 2008 मध्ये सन या कंपनीकडे गेलं, 2010 मध्ये सनसकट ओरॅकलकडे, मधल्या मधे मूळ लेखकाने त्यातूनच मारियाडीबी वेगळं काढलं, आणि तरीही लाखो साइट त्यावर चालतात, त्यामुळे भांडत बसू नकोस. घाण डेटा दोन्हीकडे सारखाच घाण असतो.

आता तू म्हणशील मॅडमना सोपं आहे बोलायला. नाहीये गं. मी वीकेंडला एका क्लासमध्ये शिकवायचे. शेवटचे दोन आठवडे खऱ्या डेटावर काम करू द्या म्हणून मागे लागले होते, मालक म्हणाले बॅच लांबते, पोरांना सर्टिफिकेट हवंय. मी सोडलं. घरी अजून ऐकावं लागतं की शनिवार-रविवारचे चांगले पैसे हट्टापायी घालवलेस. असेल हट्ट. खंत एवढीच की मी गेल्यावर त्या बॅचला जे कोण शिकवायला आलं त्याने पुन्हा स्मिथ आणि किंगच काढले, आणि तीच पोरं नंतर इंटरव्ह्यूला माझ्यासमोर बसली. क्वेरी तोंडपाठ, आणि लाख ओळींची फाइल दिली की हात गार. मी त्यांना घेऊ शकले नाही. मी थांबले असते तर फरक पडला असता का? नसता पडला, मालक तेच राहिले असते. जाऊ दे.

कोर्सच नको असं मी म्हणत नाहीये, कुणाला शिस्तीसाठी लागतो. पण एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेसचा, कोर्स फुकट आहे, पैसे पडतात ते फक्त परीक्षा दिलीस तर. पोस्टग्रेसचं मॅन्युअल फुकट आहे, त्यात सुरुवातीलाच ट्युटोरियल आहे. म्हणजे एफडी मोडून तू शिकणं विकत घेत नाहीयेस, कुणीतरी शेजारी बसणं विकत घेतेयस. मग बसणारा माणूस बघून घे.

शनिवारी डेमोला जाशील तेव्हा सरांना म्हण, दोन टर्मिनल उघडा, एकात बिगिन करून एक ओळ अपडेट करा आणि कमिट करू नका, म्हणजे बदल पक्का करू नका, दुसऱ्यात तीच ओळ अपडेट करून दाखवा. दुसरं टर्मिनल नुसतं अडकून बसेल. ते का अडकलं हे सर हसत समजावतात की "हे ॲडव्हान्स्डमध्ये येईल" म्हणतात, ते बघ. मग विचार, पीजी_डंपने डेटाबेसचा बॅकअप घेऊन दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून घेता का पोरांकडून? आणि कोर्समधलं सगळ्यात मोठं टेबल किती ओळींचं? आकडा मला कळव. प्लेसमेंटचं विचारू नकोस, ते सरच सांगतात आपणहून, अर्धा तास.

बाबांना म्हणावं एफडीला हात लावू नका इतक्यात. पैसे भरायच्या आधी फोन कर, रात्री नऊनंतर, त्याआधी मी कॉलवर असते. आणि ती जिल्ह्यांची फाइल तोवर लोड झालेली पाहिजे, नुसतं "करते मॅडम" नको.