बिबट्या दिसला, आता पिंजरा लावायचा का?

प्रश्न : ताई, आम्ही मुंबईत गोरेगाव पूर्वेला आरेच्या जंगलाच्या अगदी कडेला राहतो. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री पावणेतीनला बिबट्या कंपाउंडच्या भिंतीवरून आरामात चालत जाताना दिसला. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता गोंधळ चालू आहे. पिंजरा लावा म्हणून अर्ज केला तर फॉरेस्टवाले म्हणाले नुसता दिसला म्हणून लावता येत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आरेतल्या पाड्यात राहतात, त्या हसून म्हणाल्या, ‘तो रोजच जातो, तुम्हाला कॅमेऱ्यामुळे आत्ता कळलं.’ या लोकांना भीती वाटत नाही का? आणि आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर : मावशींनी अर्धं उत्तर देऊन टाकलंय, उरलेलं मी देते.

पिंजऱ्याचं आधी. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, त्यामुळे तुमच्या रेंज ऑफिसातल्या साहेबांनी मनात आणलं तरी ते स्वतःहून पिंजरा लावू शकत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवा, पिंजऱ्याने काम उलटं होतं हे आपल्याच राज्यात बघून झालंय. जुन्नरला 2001 पासून उसात फिरणारे बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. त्याआधी, 1993 ते 2001 या काळात तिकडे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत सरासरी 17 वर गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. आता विचार करा, एखाद्याला त्याच्या गल्लीतून उचलून रात्री अनोळखी स्टेशनवर उतरवलं तर तो काय करेल, घाबरेल, घराकडे परत निघेल, वाटेत जे येईल त्याला आडवा जाईल. आणि इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा कुणीतरी तरणा बिबट्या येऊन बसतो, ज्याला तुमची भिंत, तुमचा वॉचमन, पाड्याची वाट काहीच माहीत नसतं. म्हणजे तुम्ही ओळखीचा घालवून अनोळखी आणला.

मुंबईत 2004 साली जे झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल, संजय गांधी नॅशनल पार्कच्या (एसजीएनपी) आजूबाजूला बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली, त्या वर्षीचा जून तर फारच वाईट होता. तेव्हाही बिबटे धरून पार्कात आणून सोडणं चालूच होतं. मग 2011 मध्ये सुनील लिमये पार्कचे प्रमुख असताना ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ सुरू झालं, त्यात वनखातं, अभ्यासक, पोलीस, महापालिका, पत्रकार, पाड्यातले आणि सोसायट्यांमधले लोक अशा सगळ्यांशी बोलणं सुरू झालं. 2015 च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) मोजणीत पार्क आणि आसपास 35 बिबटे मिळाले, 2018 मध्ये 47. बिबटे वाढलेले दिसतात, पण 2004 सारखं वर्ष पुन्हा आलेलं नाही.

आता भीती. पाड्यातल्या लोकांना भीती वाटत नाही हे आपलं शहरी कौतुक आहे, त्यात फार अर्थ नाही. 2021 ला आरेत हल्ले झाले, 2022 च्या दिवाळीत एक तान्हं पोर गेलं, ती घरं आजही तिथेच आहेत. त्यांना भीती वाटते, फक्त ती कशी वापरायची ते ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की पोरं अंगणात एकटी सोडत नाहीत, कोंबड्या-शेळ्या रात्री घरात घेतात, वाटेने जाताना मोबाइलवर गाणी लावतात नाहीतर मोठमोठ्याने बोलत जातात, आणि रात्री शौचाला जायचं झालं तर कुणालातरी उठवतात. खरी गोची इथेच आहे, कारण उघड्यावर बसलेलं माणूस बिबट्याच्या नजरेत लहान जनावरासारखं दिसतं. म्हणून पाड्यात घराजवळ संडास आणि वाटेवर दिवा या दोन गोष्टी दहा पिंजऱ्यांपेक्षा जास्त कामाच्या आहेत, तुमची सोसायटी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाणारच असेल तर तो यासाठी घेऊन जा ना.

आणि आता जरा कडू बोलते. बिबट्या तुमच्याकडे तुम्हाला बघायला येत नाही. मागच्या भिंतीला टेकून जो ओला कचरा पडतो त्यावर कुत्री आणि डुकरं पोसली जातात, गेटवर कुणी काका रोज बिस्किटांचा पुडा फोडतात, म्हणजे बिबट्याचा डबा आपणच भरून ठेवलाय. कचरा झाकणाच्या डब्यात आणि वेळेवर उचलला गेला पाहिजे, कुत्र्यांची नसबंदी झाली पाहिजे, मागची झुडपं कापून तिथे लाइट लागला पाहिजे. हे ग्रुपवर टाका, दहा अंगठे येतील आणि मीटिंगला तिघं येतील, पण तिघं पुरतात.

पुन्हा दिसला तर मागे धावू नका, घेरू नका, फ्लॅश मारू नका, त्याला निघायला वाट ठेवा. आत अडकून बसला असेल तर 1926 वर फोन करा आणि गर्दी लांब ठेवा. बघ्यांचीच गर्दी जास्त धोक्याची असते.

प्रश्न : मी नोकरीसाठी डोंबिवलीत असतो, गाव चंद्रपूरकडे ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात. बाबांची गाय वाघाने मारली, शेजारी म्हणतात काही मिळत नाही, सोडून द्या. खरंय का?

उत्तर : सोडू नका. 48 तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या फॉरेस्ट ऑफिसला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत गाय जागेवरून हलवायची नाही, बरेच लोक दोन्हीत चुकतात आणि मग म्हणतात काही मिळत नाही. भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के किंवा सरकारने ठरवलेली कमाल रक्कम, यातली जी कमी असेल ती. गावात ग्राम परिस्थितिकीय विकास समिती (वनखात्याबरोबर काम करणारी गावकऱ्यांची समिती) असेल तर तिच्या अध्यक्षांना बरोबर घ्या, कागद जरा लवकर हलतात. 2015 च्या जन-वन विकास योजनेतून गॅस मिळालाय का तेही याच समितीत विचारा, आईची सरपणाची फेरी वाचेल. आणि घरचं कुणी मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला जात असेल तर फोनवर बजावून सांगा, एकटं आणि अंधारात जायचं नाही, पहाटे वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

प्रश्न : आदिवासी पाड्यांत वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या देवाला, शेंदूर लावून नारळ फोडणं म्हणजे अंधश्रद्धाच ना? याला कॉन्झर्वेशन कसं म्हणायचं?

उत्तर : देव आहे का नाही यात मी पडत नाही. पण मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधल्या वारली वस्त्यांमध्ये अभ्यासकांनी वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली आहेत, एका दगडावर किंवा फळीवर वाघ, शेजारी चंद्र-सूर्य. समजूत अशी की आपण वाघबारशीला, म्हणजे त्याच्या सणाला, त्याचा मान दिला तर तो आपल्याला सांभाळतो. म्हणजे हा व्यवहार आहे, त्याचं काही आपल्याकडे आणि आपलं काही त्याच्याकडे. शेळी गेली की रात्री शिव्या घालतात आणि सकाळी कामाला लागतात, विष घालायला निघत नाहीत. नुसत्या पूजेने हल्ले थांबतात असं मी म्हणणार नाही, पण ज्या पाड्यात असा हिशोब आधीच चालू आहे तिथे वनखात्याला पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही, आपल्या सोसायट्यांमध्ये बसावं लागतं.

वाघबारस आश्विनात, दिवाळी सुरू होते त्या वसुबारसेच्या दिवशीच असते. बघायला जायचं असेल तर पाड्यातल्या कुणाला तरी आधी विचारून जा, चपला लांब काढा, आणि कृपा करून ड्रोन नेऊ नका.