पंपाची सवय नाही लागली गं तुला

पत्र वाचलं तुझं. वय ३९, लहानपणी दम्याचं नावही नाही, एकदा सर्दी झाली आणि मग खोकला गेलाच नाही, पहाटे छातीत घरघर होऊन जाग यायला लागली, शेवटी नळीत जोरात फुंकायची ती टेस्ट केली आणि डॉक्टर म्हणाले दमा आहे. दोन पंप, म्हणजे इन्हेलर, दिले. त्यातला रोजचा तू बंद केलास, कारण बरं वाटत होतं आणि त्यात स्टेरॉइड आहे हे कळलं. दुसरा, निळा, मात्र पर्समध्ये लपवून ठेवतेस, ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन घेतेस, हल्ली जवळजवळ रोज. नवऱ्याला पत्ता नाही. आणि मला विचारतेस, ताई, ही सवय कशी सोडू?

अगं सवय कसली! रोजचा बंद केलास म्हणून निळा लागतोय, एवढं सरळ आहे. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते आणि बरं वाटत असलं तरी ती असतेच, तिथेच सगळे फसतात. निळा, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, नळीभोवती आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करतो, सूज तशीच राहते. ती उतरवतो तो स्टेरॉइडवाला. निळा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला तर दमा ताब्यात नाही असं धरतात, तू तर रोजवर आलीयेस. जागतिक गाइडलाइन्ससुद्धा २०१९ पासून सांगतायत की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्यावर राहू नये, त्याने मोठा अटॅक यायचा धोका वाढतो.

स्टेरॉइडची भीती मला कळते. पण गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो आणि पंपातला मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट फुप्फुसात जातो. घसा बसू शकतो, तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, स्प्रेचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायचा. डोस पुढे कमी होऊ शकतो, पण काही महिने नीट गेल्यावर आणि डॉक्टर म्हणाले तरच. आणि हो, पंप त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखव, भल्याभल्यांचं चुकतं, औषध जिभेवरच राहतं आणि मग लोक म्हणतात पंपाने काही होत नाही.

"मलाच का, ह्या वयात का" ह्याचं नेमकं उत्तर कुणी देईलच असं नाही. मोठेपणी सुरू होणारा दमा बायकांमध्ये जास्त दिसतो, कधी व्हायरल सर्दीनंतर उघड होतो, कधी कामाच्या जागेमुळे होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का हे बघ जरा. डोकेदुखीसाठी सारख्या गोळ्या घेतेस असंही लिहिलंयस, ते डॉक्टरांना आवर्जून सांग, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने काहींचा दमा जोरात उसळतो.

आता नवरा. औषधापेक्षा मला ह्याचीच काळजी जास्त वाटली, खरं सांगते. रात्री अटॅक आला, एका दमात वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसायला लागले, पंप घेऊनही फरक पडेना, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायला लागतं, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला पंप कुठे आहे हेही माहीत नाही! तो नाराज होईल म्हणतेस, होऊ दे की थोडा. आज रात्रीच सांग. डॉक्टरांकडून लिहून घे कधी कुठला पंप, किती पफ, कधी निघायचं, आणि तो कागद त्याच्या मोबाइलमध्येही ठेव. ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही, शेजारच्या टेबलावरच्या एकीला माहीत असलं तरी पुरे.

पळणं सोडू का, हा तुझा शेवटचा प्रश्न. मुळीच नको. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ ह्या धावपटूने २००३ मध्ये बायकांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तो दमा असतानाच. फक्त ह्या आठवड्यात पळू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा, रोजचा पंप परत सुरू कर, आणि पळायच्या आधी पफ घ्यायचा का हे तिथेच विचारून घे.