रामिप्रिल सुरू झाल्यापासून वडिलांना कोरडी ढास लागते. गोळी बंद करू का? आणि घरच्या शेतातली केळीही बंद करायची का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, रावेरकडे केळीची शेती आहे. हार्ट अटॅकनंतर रामिप्रिल ५ मिलिग्रॅम आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम या हृदयासाठीच्या दोन गोळ्या चालू आहेत. महिनाभर ढास लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणता. रामिप्रिल आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. डायक्लोफेनॅक मात्र आजच थांबवा.

रामिप्रिल घेणाऱ्या साधारण दहातल्या एकाला ही ढास लागते. ही गोळी जे एन्झाइम अडवते, तेच शरीरातलं ब्रॅडिकायनिन मोडत असतं. ते साठलं की श्वासनलिका खवखवते. त्यामुळे कफ पडत नाही आणि खोकल्याच्या औषधाने काही फरक पडत नाही. डॉक्टर बहुतेक वॉल्सार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी देतील. त्यानंतर ढास सहसा एक ते चार आठवड्यांत जाते, क्वचित तीन महिनेही लागतात.

पण आडवं झाल्यावर खोकला वाढत असेल, दोन-तीन उश्या लागत असतील, पाय सुजत असतील किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर दोष गोळीचा नसून फुफ्फुसात पाणी साठत असू शकतं. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला ढासेपेक्षा त्या अंधारीची जास्त काळजी वाटते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, घामावाटे पाणी-मीठ जातं, आणि रामिप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन या दोन्ही गोळ्या बीपी आणखी खाली आणतात. त्यात डायक्लोफेनॅक किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळतं, तर रामिप्रिल रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं. गाळणीतला दाबच पडतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, चढतं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घेता येईल, किती ते डॉक्टरांना विचारा. घरी बीपी मोजताना पाच मिनिटं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तसं डॉक्टरांना कळवा. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. बहुधा तब्येत सावरेपर्यंत या गोळ्या थांबवायला सांगतात. पाणी किती प्यायचं तेही विचारून ठेवा, कारण हृदय कमजोर असेल तर त्यालाही मर्यादा असते.

आता केळी. दोन्ही गोळ्या शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतात आणि एका मध्यम केळ्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रक्तातलं पोटॅशियम ५ च्या आत आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर रोज एक केळं सहसा चालतं. शेतात घड पिकलाय म्हणून उठता-बसता खाणं नको. केळ्यापेक्षा वाईट म्हणजे बीपीवाल्यांसाठी म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते घरात असेल तर वडिलांच्या ताटात नको. नारळपाणीही रोज नको.

पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी ती करायचीच असते. रक्त काढताना मूठ उघडझाप करू देऊ नका, आकडा खोटा वाढलेला येतो. पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी फोन करा. ६ च्या वर असेल तर थेट दवाखान्यात न्या, ईसीजी लागतो.

एक गोष्ट क्वचित होते, पण तेव्हा वाट पाहायची नाही. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर पुढची रामिप्रिल देऊ नका आणि लगेच १०८ ला फोन लावा. नंतर फाइलवर लाल शाईने लिहून घ्या: रामिप्रिल आणि त्याच गटातलं एनालाप्रिल, लिसिनोप्रिल कधीही द्यायचं नाही.