हाक आली की उठायचं

चि. बाळ यास,

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू तासभर बसलास. बंगळूरला जाऊ की बाबांजवळ थांबू, हे चार वेळा फिरवून फिरवून विचारलंस. तेवढ्यात घरून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तू न बघताच कट केलास. तेव्हा बोललो असतो तर शब्द वाकडे गेले असते, म्हणून लिहितोय.

जा, नाहीतर राहा. त्यात मला काही म्हणायचं नाही. इथं राहून तरी काय दिवे लावतोयस? आई जेवायला बोलावते, तू "पाच मिनिटं" म्हणतोस, ती आमटी दुसऱ्यांदा गरम करते. हाक आली की उठायचं. एवढंच मला कळतं, आणि तेही साठीत कळलं.

उद्यमनगरात माझं वर्कशॉप जोरात होतं तेव्हाची गोष्ट. माझी आई शेजारणींबरोबर अंबाबाईचा किरणोत्सव बघायला निघाली. मला म्हणाली, चल. मी पार्टीच्या मालात अडकलेलो. तुला ठाऊकच आहे, नोव्हेंबरात ९, १०, ११ला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी पाय, शेवटच्या दिवशी मुख. तेही ढग आडवा आला नाही तर. आई परतली ती चपला न काढताच दारात सांगायला लागली, "अरे, पितळी उंबऱ्यापर्यंत आली बघ, आणि मग..." माझा फोन वाजला. मी पंजा वर करून तिला थांबवलं, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. फोन आटोपून आत गेलो तर ती तांदूळ निवडत होती. "काय म्हणत होतीस?" "काही नाही रे. जेव."

किरणं कुठवर पोचली ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. ती काय सांगणार होती ते नाही आलं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात मी देवळात उभा राहतो. पितळी उंबऱ्याच्या पुढचं मला अजून ठाऊक नाही.

तू म्हणशील, काका, त्याच फोनवर घर चालत होतं. चालत होतंच! बहिणीचं लग्न त्या ऑर्डरवर झालं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही. मी चकाट्या पिटत नव्हतो. फोन उचलला नाही तर माल दुसरीकडं जायचा, निदान मला तसं वाटायचं. दहा मिनिटांनी उलटा फोन करून बघायचं कधी सुचलं नाही, एवढं खरं. असो. विषय तुझा आहे.

मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलंयस म्हणे. घे बापडा. पण आधी आमटी गरम आहे तोवर ताटावर बस. हाक आली की उठायचं, लेका, वाक्य पुरं करायला थांबायचं नाही. (हे लिहिताना तुझ्या काकूनं आतून दोनदा हाक मारली आणि मी "आलो, आलो" म्हणत इथंच आहे. हसू नकोस. मला जमलंय म्हणून सांगत नाही.)

रविवारी बाबांना घेऊन गंगावेशला दूधकट्ट्यावर ये. समोर धार काढून फेसाचा पेला हातात देतात, तो घेतला की बाबा त्यांच्या तालमीचं काहीतरी काढतील, तू शंभरदा ऐकलेलं. "मग काय झालं?" असं विचार. फोन माझ्याकडं दे. माझा मी घरीच ठेवून येतो.

तुझा काका