सुवर्णदुर्गावरचं दारूकोठार कसं उडालं?

एप्रिल १७५५ ची गोष्ट, हर्णैजवळचा हा समुद्रातला किल्ला तेव्हा मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रेंकडे, आणि पेशव्यांनी चक्क इंग्रजांना हाताशी धरून त्यांच्यावर मोहीम काढली (पुढे हे केवढं महागात पडलं ते सांगायला नको). इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर जेम्स 'प्रोटेक्टर' जहाजावरून तोफा डागत होता. त्यातला एक गोळा आतल्या गवताने शाकारलेल्या छपरावर पडला, कोकणातला एप्रिल म्हणजे गवत कडकडीत वाळलेलं, आग पसरत गेली ती थेट दारूकोठारापर्यंत आणि सगळा साठा उडाला. तटबंदी कितीही जाड असली तरी आत दारूगोळ्याच्या शेजारी गवती छप्परं म्हणजे काय बोलणार! किल्ला पडला, पेशव्यांकडे गेला, १८१८ ला इंग्रजांकडे. आता हर्णैहून होडीने जाता येतं, पावसाळा सोडून.