सिंगापूर राहू द्या, आधी पॉलिसी कधी मॅच्युअर होतेय ते बघा

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, हातात ९२ हजार येतात, मिसेस घरी ट्यूशन घेतात त्याचे १४ हजार. होम लोनचा हप्ता २७ हजार, अजून १९ लाख बाकी. एफडी ४ लाखांची. मुलगी यंदा दहावी झाली, तिला डोंगर-देवळं नकोत, मोठं शहर बघायचंय, मेट्रोने फिरायचंय. म्हणून दिवाळीत सिंगापूर, पाच दिवसांचं पॅकेज, मोठ्यांना १ लाख ५ हजार आणि मुलांना ७५ हजार. प्रश्न असा की पैसे कुठून काढू, एफडी मोडू, नो कॉस्ट ईएमआय घेऊ, की मुलीच्या नावाची चाइल्ड पॉलिसी सरेंडर करू (म्हणजे मुदतीआधीच मोडू), कारण बँकेतले साहेब म्हणतात सरेंडरचे ५ लाख येतील, त्यात ट्रिप होईल आणि उरलेल्यात नवीन चांगला प्लॅन देतो. शेवटी एक ओळ, "शिक्षणाचं टेन्शन नाही, तसाही कॉलेजच्या वेळी २५ लाख येणारच होते, नवीन प्लॅनमध्ये जास्त येतील."

ट्रिपचं आधी पटकन उरकते. तुमची मुलगी १५ वर्षांची आहे, तिला ७५ हजारांचा मुलांचा रेट लागणारच नाही. विमानात १२ पूर्ण झाले की मोठ्यांचं तिकीट, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १३ पासून मोठ्यांचं. म्हणजे २ लाख ८५ नाही, ३ लाख १५ धरा. त्यावर व्हिसा, टीसीएस (परदेशी पॅकेजवर आधीच कापला जाणारा टॅक्स), पॅकेजमध्ये नसलेली जेवणं, थोडी खरेदी, आणि सिंगापूर डॉलर आहे ७० रुपयांच्या आसपास. साडेतीन लाखांच्या खाली तुम्ही घरी परत येत नाही. हे पैसे लोन काढून १४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडले तर हप्ता जवळजवळ १७ हजार आणि व्याज ५० हजारांच्या वर. नो कॉस्ट म्हणतात त्यातही प्रोसेसिंग फी असते, व्याजावर जीएसटी असतो आणि रोख भरणाऱ्याला मिळणारा डिस्काउंट तुम्हाला मिळत नाही. झिरो टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलंय. एफडी म्हणाल तर तुमचा महिन्याचा खर्च हप्ता धरून ८० हजारांच्या घरात, म्हणजे ती एफडी पाच महिन्यांचा श्वास आहे, तिला हात लावायचा नाही.

आता खरं दुखणं. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, मी तो झूम करून दोनदा वाचला. पॉलिसी सुरू २०१९. मुदत १५ वर्षं. प्रीमियम १ लाख, दहा वर्षं भरायचा. मॅच्युरिटी २०३४. मुलगी बारावी होणार २०२८ ला, इंजिनिअरिंग धरलं तर डिग्री संपणार २०३२ ला. म्हणजे जे पैसे तिच्या कॉलेजसाठी म्हणून तुम्ही सात वर्षं भरताय ते ती कॉलेजातून बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी येणार! मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, विकणाऱ्याला बोटांवर मोजता आलं असतं, पण मुदत जास्त दाखवली की मॅच्युरिटीचा आकडा मोठा दिसतो आणि आईबाप सही करतात. मला या प्रकाराची खरोखर चीड आहे.

आणि तो २५ लाखांचा आकडा. पॉलिसी विकताना दाखवतात त्या तक्त्यात, म्हणजे बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात, दोन्ही नुसती गृहीतकं, वचन नाही. वर्षाला १ लाख, दहा वर्षं, पुढची पाच वर्षं तसेच ठेवले, पूर्ण ८ टक्क्यांनी एक रुपयाही खर्च न कापता धरलं तरी २३ लाखच होतात, मग २५ आले कुठून? अशा बोनसवाल्या पॉलिसीत मी साधारण ५ टक्के धरते, त्या हिशोबाने साडेसोळा लाखांच्या थोडं वर, आपण साडेसोळाच धरू.

त्याच पानावर अजून एक गोष्ट आहे. लाइफ अशुअर्डच्या, म्हणजे ज्याच्या जिवाचा विमा आहे त्याच्या, जागी मुलीचं नाव आहे. तुमचं नाव फक्त प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारा, म्हणून. रायडरचा, म्हणजे जोडून घ्यायच्या जादा संरक्षणाचा, रकाना कोरा आहे, म्हणजे तुमच्यामागे प्रीमियम माफ होण्याची सोय (प्रीमियम वेव्हर) ही नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही, उलट प्रीमियम भरायची जबाबदारी मिसेसवर येईल, १४ हजारांच्या ट्यूशनमधून, २७ हजारांचा हप्ता डोक्यावर असताना. तुमच्या नावावर दुसरा कुठलाच विमा नाही असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्यासाठी सगळ्यात आधी हे.

तर मग ती पॉलिसी मोडायची का? नाही. इथे रागाच्या भरात लोक चुकतात आणि बँकेतल्या साहेबांचं फावतं. सात लाख भरलेत, आज हातात पाच येतील, तोटा झालाय तो झाला. पण पुढचं बघा, आजचे ५ लाख आणि उरलेले तीन प्रीमियम, यावर आठ वर्षांनी साडेसोळा आले तर परतावा पडतो १० टक्क्यांच्या आसपास. बोनस कमी होऊन १५ च आले तरी साडेआठ. आता जी आठ वर्षं राहिलीत तीच या पॉलिसीची कमाईची, जड भाग तुम्ही आधीच ओढलाय. आणि साहेबांचा नवीन प्लॅन घेतला की कमिशन पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू, मुदत पुन्हा पहिल्यापासून, तुमचे दोन लाख मात्र गेलेले. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. फक्त विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप व्हॅल्यू (पुढचे प्रीमियम न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी रक्कम) आणि आजवर जमा झालेला बोनस लेखी मागवून घ्या, त्यात माझ्या आकड्यापेक्षा फार फरक निघाला तर पुन्हा लिहा.

शिक्षणाचा हिशोब मग नव्याने करावा लागेल. पुण्याच्या खाजगी कॉलेजात फी, होस्टेल, मेस धरून चार वर्षांचे १५ लाख समजा. मुलींची फी सरकार माफ करतं असं तुम्ही ऐकलं असेल, ती २०२४ पासूनची योजना आहे, पण त्यात प्रवर्गाची अट आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत लागतं, तुमचं त्याच्या वर आहे. सीईटीत चांगले मार्क पडले आणि कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) सरकारी कॉलेज लागलं तर खर्च पुष्कळ खाली येईल, पण त्यावर प्लॅन उभा करायचा नाही. तुमचे महिन्याला २५ हजार उरतात म्हणता. त्यातले साडेचार-पाच विम्याला जातील (पुढे सांगते), आठेक हजार अकरावी-बारावीच्या क्लासला, राहिले १२. ते दिवाळीनंतर आरडीत टाका, बारावीपर्यंत अडीच लाख होतील. तुमचा मित्र म्हणतो स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, १८ टक्के मिळतील, पण दोन वर्षांत लागणारे पैसे तिथे ठेवायचे नसतात, फी भरायच्या महिन्यात बाजार २५ टक्के खाली असला तर कॉलेज थांबणार नाही. पुढे क्लास आणि २०२८ नंतर प्रीमियम दोन्ही संपतात, महागाई धरूनही महिन्याला २० हजार कॉलेजला देता येतील, चार वर्षांचे साडेनऊ लाख. कमी पडतात ते तीन-चार लाख. त्याचं एज्युकेशन लोन घ्या, सरकारी बँकेतून. कोर्स आणि वर पुढचं साधारण वर्षभर ईएमआय नसतो, म्हणजे हप्ते सुरू होणार २०३३ ला आणि पॉलिसीचे पैसे २०३४ ला. लोन त्यातून एका झटक्यात फिटेल आणि उरलेले बारा-तेरा लाख तुमच्या निवृत्तीसाठी राहतील, तेव्हा तुम्ही ५२ चे असाल आणि त्यासाठी पीएफ सोडून आज काहीच दिसत नाहीये.

आता दिवाळी. मुलीने सिंगापूर मागितलंच नाहीये, तिने शहर मागितलंय, सिंगापूर हे मिसेसच्या नणंदबाई जाऊन आल्यावर घरात शिरलं असं पत्रावरूनच दिसतं. मी तुम्हाला कोलकाता सुचवेन. दिल्ली नको, दिवाळीत तिथली हवा फार वाईट असते. कोलकात्यात देशातली पहिली मेट्रो, १९८४ ची, आणि २०२४ पासून हुगळी नदीच्या खालून हावड्याला जाणारी नवी लाइन, तिकीट दहा-वीस रुपये. इंडियन म्युझियम १८१४ चं, कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकानं, सायन्स सिटी, आणि दिवाळीतच तिथे कालीपूजा असते, सगळं शहर रस्त्यावर. नाशिक रोडवरून गीतांजली एक्स्प्रेस थेट हावड्याला जाते. जाताना थ्री एसी, येताना मुंबईपर्यंत विमान, चार रात्री साधं चांगलं हॉटेल, तिघांचं ७०-७५ हजारांत बसतं. जून ते ऑक्टोबर महिन्याला १५ हजार (वरचे ते १२ आणि घरखर्चातून वाचवलेले ३) बाजूला काढा, ना एफडी मोडायची ना ईएमआय. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीची तिकिटं पहिल्या काही मिनिटांत जातात, तेव्हा तारीख आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. रूट मुलीला ठरवू द्या, बजेटचा आकडा तिला सांगून, पंधरा वर्षांच्या पोरीला हे छान जमतं.

पण तिकिटांच्या आधी, याच महिन्यात, १ कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) तुमच्या नावावर, वयाच्या ६० पर्यंत, वर्षाला २५ ते ३० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं हलकं झालंय. सोबत १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा, अजून पंचवीसेक हजार, कारण कंपनीचा ३ लाखांचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. तुम्ही लिहिलंय बीपीची गोळी चालू आहे. ती दोन्ही फॉर्मवर लिहा, मेडिकल टेस्ट होऊ द्या, प्रीमियम थोडा वाढला तर वाढू द्या. एजंट म्हणेल लिहू नका, उगाच रिजेक्ट होईल. त्याचं ऐकू नका, क्लेमच्या वेळी कंपनीसमोर मिसेसना एकटीला बसावं लागेल.